अमेरिकेतली नोकरी – लेखांक ७ : तासातासाने घ्यायची आजारपणाची रजा

मागच्या लेखात आरोग्यविम्याचं पाहिलं. आज त्याच्या शेजारचा, पण जास्त झोप उडवणारा प्रश्न: आजारी पडलो तर नोकरी टिकेल का?

पुण्या-नाशकात नोकरी केलेल्या माणसाला सीएल, एसएल, पीएल हा हिशोब तोंडपाठ असतो. अमेरिकेत खासगी कंपनीने आजारपणाची पगारी रजा दिलीच पाहिजे, असा सरसकट देशव्यापी कायदा नाही. काही राज्यांनी आपापले कायदे केलेत, बाकी कंपनीची मर्जी. देशभर लागू आहे तो ‘फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्ट’, रोजच्या बोलण्यात एफएमएलए. थोरल्या बुश यांनी दोनदा नकाराधिकार वापरून अडवलेल्या या कायद्यावर बिल क्लिंटन यांनी सत्तेवर आल्याआल्या, ५ फेब्रुवारी १९९३ रोजी सही केली. गंभीर आजारासाठी बारा महिन्यांत बारा आठवडे रजा, परतल्यावर तीच किंवा त्याच तोलाची जागा आणि मधल्या काळात कंपनीचा विमा पूर्वीच्याच अटींवर चालू. पगार मात्र नाही.

ही रजा सलगच घ्यावी लागते, असं बहुतेकांना वाटतं. तिथेच फसगत होते. आठवड्याला ४० तास काम करणाऱ्याचे बारा आठवडे म्हणजे ४८० तास, आणि वैद्यकीय गरज असेल तर ते सुटे सुटे वापरता येतात. मला विचाराल, तर या कायद्यातली सर्वांत कामाची आणि आपल्या लोकांकडून सर्वांत कमी वापरली जाणारी तरतूद हीच.

समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या एका टेस्टर बाईंना स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं. दर तिसऱ्या गुरुवारी केमो. गुरुवार आणि शुक्रवार घरी. एका खेपेला १६ तास, सहा खेपांचे ९६. मग पाच आठवडे रोज रेडिएशन, जाऊन येऊन दोन तास, म्हणजे ५०. एकूण १४६ झाले. उरले ३३४. उपचार संपले तरी थकवा पाठ सोडत नाही. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, तर रोज आठऐवजी सहा तास काम करता येईल. आठवड्याला दहा तास धरले तरी शिल्लक तेहतीस आठवडे पुरते. बाई नोकरीत राहिल्या, विमा राहिला, आणि कंपनीलाही कामातला माणूस गमवावा लागला नाही. दोन तास गैरहजर राहिल्याबद्दल अर्धा दिवस कापायचा, हेही सहसा चालत नाही. मोजमापाचा तुकडा एक तासापेक्षा मोठा नसावा, असा नियम आहे. ठरलेल्या उपचारांसाठी कंपनी तात्पुरतं दुसऱ्या कामावर टाकू शकते, पण पगार आणि सवलती तेवढ्याच ठेवून.

आता पैशांचं. घेतलेल्या तासांचा पगार कापला जातो, मासिक पगारदाराचासुद्धा. आधी शिल्लक पगारी रजा वापरा, असं कंपनी सांगू शकते. पुढचं सगळं राज्यावर. न्यू जर्सीत १९४८ पासून तात्पुरत्या अपंगत्वाचा सरकारी विमा आहे. आजारपणामुळे काम थांबलं तर जास्तीत जास्त २६ आठवडे पगाराचा काही भाग मिळतो. कॅलिफोर्नियात ही मुदत ५२ आठवड्यांपर्यंत जाते. टेक्ससमध्ये असा सरकारी विमाच नाही. तेव्हा डॅलसची आणि एडिसनची ऑफर समोर असताना नुसत्या घरभाड्याची तुलना करणं अर्धवट आहे.

हक्क कुणाला? त्या मालकाकडे बारा महिने झालेले हवेत, गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष १,२५० तास काम केलेलं हवं आणि कामाच्या ठिकाणापासून ७५ मैलांच्या आत मालकाचे किमान ५० कर्मचारी हवेत. घरून काम करणाऱ्याचं ‘ठिकाण’ म्हणजे त्याचं घर नव्हे; ज्या ऑफिसला तो रिपोर्ट करतो ते. कन्सल्टन्सीमार्फत मोठ्या बँकेत बसणाऱ्यांनी बँकेच्या बोर्डाकडे पाहून निर्धास्त होऊ नये. रजा देण्याची आणि परत कामावर घेण्याची जबाबदारी मुख्यतः नेमणूक करणाऱ्या कन्सल्टन्सीची असते.

कागद नीट करा. एचआर डॉक्टरांचा दाखला मागतं आणि तो द्यायला किमान १५ दिवस द्यावे लागतात. त्यात ‘विश्रांतीची गरज आहे’ एवढंच लिहिलं असेल, तर तो परत आलाच म्हणून समजा. ‘दर तीन आठवड्यांनी दोन दिवस, शिवाय महिन्यातून दोन-तीनदा एकेक दिवस काम अशक्य’ असं किती वेळा आणि किती वेळ ते स्पष्ट हवं. दाखल्याबद्दल शंका असेल तर कंपनी दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ शकते, पण स्वतःच्या खर्चाने. आणि तुमचा थेट साहेब तुमच्या डॉक्टरांना फोन करू शकत नाही. तो अधिकार एचआरला किंवा वरच्या व्यवस्थापनाला. आपल्याकडे साहेबाला सगळं सांगून टाकायची सवय असते. इथे आजाराचे तपशील एचआरपाशीच ठेवलेले बरे.

एच-१बीवाल्यांची भीती वेगळी: रजा मागितली तर व्हिसा जाईल. एफएमएलए नागरिकत्व किंवा व्हिसा पाहत नाही. आजारपणामुळे काम करता येत नसेल, तर त्या काळात पगार मिळाला नाही म्हणून एच-१बीचा नियम मोडत नाही, फक्त नोकरीचं नातं चालू असायला हवं. दाखला आणि रजामंजुरीची ईमेल जपून ठेवा, पगाराच्या स्लिपा कमी का दिसतात हे पुढे विचारलं जाऊ शकतं. कायमचं अर्धवेळ व्हायचं असेल तर मात्र कंपनीला व्हिसाचा अर्ज दुरुस्त करावा लागतो.

४८० तास संपले तर? मग १९९० चा अपंगत्वविषयक कायदा, एडीए. तो १५ कर्मचाऱ्यांच्या कंपनीलाही लागतो. आजार त्याच्या व्याख्येत बसत असेल, तर कमी तास, बदललेली वेळ किंवा आणखी थोडी रजा ‘वाजवी सोय’ म्हणून मागता येते. कंपनीला फारच जड जात असेल तरच ती नाकारू शकते. इथे ठरलेला आकडा नाही, घासाघीस आहे.

एका गोष्टीपासून मात्र यातला कुठलाच कायदा वाचवत नाही. अख्खी टीमच कमी होणार असेल, तर रजेवरचा माणूसही त्यात जातो. त्याने रजा घेतली म्हणून त्याचं नाव यादीत गेलं असेल, तरच दाद मागता येते. आणि एच-१बीवर नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस हातात उरतात. त्या ६० दिवसांत काय काय करता येतं, ते पुढच्या आठवड्यात.