संगणकाचे हायबरनेशन आणि कर्नेल थ्रेड्सचे नियंत्रण : लिनक्सच्या संदर्भात

अमरावतीच्या राजापेठ परिसरातील एखाद्या संगणक प्रयोगशाळेत वीज खंडित झाली व यूपीएसची बॅटरी संपत आली, तर लिनक्स संगणक हायबरनेट करता येतो. मेमरीतील स्थितीची प्रतिमा डिस्कवर साठविली जाते व संगणक बंद होतो. वीज आल्यावर काम जेथे थांबले तेथूनच सुरू व्हावे, ही अपेक्षा असते. त्यासाठी पार्श्वभूमीवर अखंड चालणारे कर्नेल थ्रेड योग्य वेळी थांबणे आवश्यक ठरते.

प्रतिमा तयार झाल्यानंतर एखाद्या थ्रेडने फाइल प्रणालीच्या नोंदी डिस्कवर बदलल्या, तर डिस्क पुढे जाते आणि प्रतिमा मागे राहते. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर कर्नेल प्रतिमेतील जुन्या नोंदीच खऱ्या मानून लेखन करते. यातून होणारी हानी पुष्कळदा दुरुस्त करता येत नाही.

हे टाळण्यासाठी लिनक्समध्ये 'फ्रीझर' ही यंत्रणा आहे. ती प्रथम वापरकर्त्याच्या प्रक्रिया व त्यानंतर कर्नेल थ्रेड गोठविते. हा क्रम हेतुपुरस्सर आहे. कारण डिस्ककडून उत्तर येण्याची वाट पाहणारी प्रक्रिया, ते उत्तर आणणारा थ्रेडच आधी थांबला तर, कधीच गोठणार नाही. प्रक्रियांना खोटा सिग्नल देऊन थांबविता येते. कर्नेल थ्रेडची गोष्ट वेगळी. त्याने एखादे लॉक धरून ठेवले असण्याची शक्यता असल्याने त्याला केवळ सूचना दिली जाते आणि तो सुरक्षित टप्प्यावर 'ट्राय_टू_फ्रीझ' हे फंक्शन वापरून स्वतः थांबतो. सामान्यतः 20 सेकंदांत सर्व गोठले नाहीत, तर हायबरनेशन रद्द होते.

पूर्वी प्रत्येक कर्नेल थ्रेड गोठणारा मानला जाई. सूट हवी असल्यास तशी खूण करावी लागे. 2007 च्या 2.6.23 आवृत्तीपासून हे गृहीतक उलट झाले. आता 'सेट_फ्रीझेबल' वापरल्याशिवाय थ्रेड गोठत नाही. हा बदल योग्यच होता, परंतु त्याची किंमतही आहे : जुन्या पद्धतीत प्रोग्रामरची चूक हायबरनेशन अडल्याने लगेच दिसे, नव्या पद्धतीत ती मूकपणे राहू शकते.

मुळात प्रश्न थ्रेडचा नसून डिस्कवरील लेखनाचा आहे. म्हणूनच यिर्झी कोसिना यांनी 2015 मध्ये कर्नेल थ्रेड गोठविणे सोडून फाइल प्रणालीच गोठवावी, असा आग्रह धरला. तशी ऐच्छिक सोय कर्नेलमध्ये 2025 मध्ये समाविष्ट झाली. थ्रेड गोठविण्याची जुनी व्यवस्था मात्र तिच्या जोडीला कायम आहे.