पोटाची जखम झाकणारं औषध : कधी घ्यायचं, कसं घ्यायचं?



खुरपणीच्या दिवसांत कंबर धरते, गुडघे दुखतात. मग दुकानातून दुखण्याची गोळी आणायची, उपाशीपोटी चहाबरोबर घ्यायची आणि पुन्हा रानात जायचं. हे रोजचं झालं, की काही जणींच्या पोटात आग पडते, आतल्या अस्तराला जखम होते. तिला अल्सर म्हणतात. अशा वेळी डॉक्टर कधीकधी सुक्राल्फेट देतात. त्याची गोळी मिळते, पातळ औषधही मिळतं. ते कसं घ्यायचं, हे आज आम्ही सांगणार आहोत.

हे औषध जखमेवर चिकटून बसतं. सारवल्यावर भिंतीची भेग झाकावी, तसं. मग पोटातलं आम्ल जखमेला झोंबत नाही आणि ती भरून येते. पण पोटात अन्न असेल, तर औषध अन्नालाच चिकटतं. म्हणून ते जेवणाच्या एक तास आधी, रिकाम्या पोटी घ्यायचं. पातळ औषधाची बाटली आधी चांगली हलवायची. ॲसिडिटीचं दुसरं पातळ औषध त्याच्या आगेमागे अर्धा तास घ्यायचं नाही.

दुसरी औषधंही यात अडकतात आणि अंगी लागत नाहीत. थायरॉइडची गोळी आणि हे औषध यांत निदान 4 तासांचं अंतर ठेवा. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी जंतुनाशक गोळी चालू असेल, तर ती किमान 2 तास आधी घ्या. घरातली सगळी औषधं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, म्हणजे ते वेळा लावून देतील.

या औषधात ॲल्युमिनियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते अंगात साठू शकतं, म्हणून आधी सांगा. मधुमेह असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तरीही सांगा. काहींना शौचाला खडा होतो. पाणी आणि पालेभाजी वाढवा.

उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, शी डांबरासारखी काळी-चिकट झाली, चक्कर आली, तर घरी थांबू नका. 108 ला फोन करा. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण शंका असेल तर तपासून घ्या.

आणि मूळ कारण विसरू नका. दुखण्याची गोळी मनानं चालू ठेवली, तर भरत आलेली जखम पुन्हा चिघळते. दुखण्यावर दुसरा उपाय काय, हे पुढच्या तपासणीत डॉक्टरांना नक्की विचारा.