कोब्याची मुदत

घराचे नूतनीकरण चालू असलेल्या एका वाचकांनी विचारले आहे की, नव्या स्लॅबवर आठ दिवस पाणी मारून झाले, स्लॅब वरून पांढराफटक दिसू लागला, आणि आता लगेच कोबा घालून पुढच्या पंधरवड्यात त्यावर लाकडी फरशी बसवावी असा मक्तेदाराचा तगादा आहे; तर तो मान्य करावा काय? ओलाव्यापुरते पाहिले तर कोब्याला हरकत नाही. फरशीला मात्र आहे, आणि ती सक्त आहे. घाईच्या मुळाशी असलेला गैरसमज हा की, काँक्रीट सुकल्यामुळे घट्ट होते.

वस्तुस्थिती याच्या उलट असल्याचा सर्वांत देखणा पुरावा इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापलीकडे, भर समुद्रातील एडिस्टनच्या खडकावर मिळाला. तेथील लाकडी दीपगृह १७५५ साली जळून गेल्यावर नवे दगडी दीपगृह उभारण्याचे काम जॉन स्मीटन या अभियंत्याकडे आले. आणि ज्या खडकावर भरतीच्या लाटा चढतात तेथे हवेवर विसंबून हळूहळू आवळणारा चुना निरुपयोगी आहे हे ओळखून त्याने नाना प्रकारच्या चुन्यांचे लहान लहान गोळे वळून पाण्यात ठेवले, आणि कोणते विरतात व कोणते पाण्यातच कठीण होतात हे पाहिले. दगड जितका कठीण तितका त्याचा चुना मजबूत, अशी तोवरची समजूत होती. स्मीटनने उत्तम ठरलेली चुनखडी नत्राम्लात विरघळविली, तेव्हा तळाशी उरला चिकणमातीचा गाळ! सामर्थ्याचे मर्म त्या गाळात होते. दीपगृह १७५९ मध्ये पुरे झाले. सिमेंटचा इतिहास सांगताना १८२४ च्या पेटंटामुळे जोसेफ ॲस्पडिनचे नाव अग्रभागी येते आणि स्मीटनची बोळवण एखाद्या ओळीत होते, हा अन्याय मला नेहमी खटकतो.

सिमेंट पाण्याशी संयोग पावून कठीण होते, म्हणूनच आपण नव्या स्लॅबला पाणी पाजतो. या पाण्याचा हिशेब १९४० च्या दशकात अमेरिकेत टी. सी. पॉवर्स यांनी चोख मांडला. ५० किलोच्या गोणीतील सिमेंट पूर्णपणे संयोग पावेपर्यंत सुमारे साडेअकरा लिटर पाणी रासायनिक बंधनात जाते आणि आणखी साडेनऊ लिटर अतिसूक्ष्म रंध्रांत अडकून राहते. परंतु माल सहज पसरावा म्हणून गवंड्याने ३० लिटर ओतले असेल, तर उरलेले नऊ लिटर पाणी बिनकामाचे ठरते आणि त्याला केसाहून बारीक वाटांनी पृष्ठभागापर्यंत येऊन बाष्परूपाने निघून जावे लागते. जाडी दुप्पट झाली की या प्रवासाचा काळ साधारण चौपट होतो.

आता कोब्याकडे वळू. चांगला गवंडी कोबा घालण्यापूर्वी स्लॅब स्वच्छ धुतो, ओला करतो, सिमेंटची स्लरी फासतो. म्हणजे कोब्याला खालचा ओलावा वैरी नाही. परंतु कोबा स्वतः नवे पाणी घेऊन येतो, त्यावर पुन्हा पाणी मारले जाते, आणि सुकण्याची मुदत तेथून नव्याने मोजावी लागते. ब्रिटिश बांधकामातील ठोकताळा असा की, हवेशीर खोलीत ५० मिलिमीटरपर्यंतचा कोबा दिवसाला एक मिलिमीटर या गतीने सुकतो. त्याहून जाड असेल तर अधिक सावकाश. २८ दिवसांचा आकडा मजबुतीच्या चाचणीचा आहे, त्याचा सुकण्याशी संबंध नाही. घाई केल्यास फळ्या खालच्या बाजूने फुगतात, त्यांच्या कडा उचलल्या जातात आणि अनवाणी पायाला प्रत्येक सांधा जाणवू लागतो.

वरून पांढरा दिसणारा कोबा आत ओला असू शकतो. दीड फुटी प्लास्टिकचा चौकोन चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवल्यावर खाली दव दिसले तर ओल निश्चित आहे. न दिसले तरी ती नाहीच असा दाखला मिळत नाही. खरे मोजमाप म्हणजे छिद्र पाडून आतील सापेक्ष आर्द्रता पाहणे, आणि ब्रिटिश प्रघातानुसार ती ७५ टक्क्यांवर असता कामा नये. कोकणात श्रावणापूर्वीच्या झडीत बाहेरची हवाच याहून दमट असते, तेव्हा खिडक्या उघडून काहीही साधत नाही.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच की, लाकडाची आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मक्तेदाराकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: कोब्यावर शेवटचे पाणी कोणत्या तारखेस मारले, आणि छिद्रातील आर्द्रता किती भरली.