ह्यूस्टनचे पत्र : मुक्या प्राण्यांसाठी कर्जरोखे

ह्यूस्टन, टेक्सास.

अमेरिकेच्या राज्यकारभाराचा विचार करताना आपल्याकडील वाचकाची दृष्टी सहसा वॉशिंग्टनमधील घडामोडींवर खिळलेली असते. परंतु येथील सामान्य माणसाचा नित्य संबंध ज्या सत्तेशी येतो, ती सत्ता म्हणजे कौंटी. जमिनींचे दस्तऐवज, तुरुंग, रस्ते आणि मालमत्ताकराची वसुली ही कामे तिच्याकडे असल्यामुळे तिला आपल्या जिल्ह्याचे प्रतिरूप मानण्याचा मोह होतो; तथापि आपला जिल्हाधिकारी हा सरकारने नेमलेला अंमलदार असतो आणि कौंटीचा कारभार मात्र लोकांनी निवडून दिलेल्या मंडळाच्या हाती असतो, हा भेद मूलगामी आहे. ह्यूस्टन ज्या हॅरिस कौंटीत वसले आहे, तेथे एक कौंटी जज आणि चार कमिशनर मिळून हे मंडळ होते.

बेवारस जनावरांची जबाबदारीही याच मंडळाच्या शिरावर आहे. ह्यूस्टन शहर आपल्या हद्दीपुरती स्वतंत्र व्यवस्था ठेवते. परंतु कोणत्याही नगरपालिकेत न मोडणारा, सुमारे वीस लाख वस्तीचा विस्तीर्ण मुलूख कौंटीकडे येतो. या जबाबदारीचा उगम भूतदयेत नसून पिसाळलेल्या कुत्र्याच्या भयात आहे. टेक्सासच्या १९८१ च्या कायद्यानुसार कुत्र्या-मांजरांना पिसाळण्याच्या रोगाची लस टोचणे सक्तीचे आहे, आणि माणसाला चावलेल्या कुत्र्याला दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवावे लागते. एकोणिसाव्या शतकात तर न्यूयॉर्कचे अधिकारी कोंडवाड्यातील कुत्र्यांना लोखंडी पिंजऱ्यात घालून ईस्ट नदीत बुडवीत असत. अशा काळात, १८६९ साली, फिलाडेल्फियात कॅरोलाइन अर्ल व्हाइट आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी संस्था स्थापून कोंडवाड्याचे आश्रयगृहात रूपांतर करण्याचा पायंडा पाडला. भयातून निघालेल्या व्यवस्थेला करुणेचे अधिष्ठान मिळाले ते असे, सरकारी हुकमाने नव्हे तर नागरिकांच्या आग्रहाने.

त्या आग्रहाचे आधुनिक उदाहरण हॅरिस कौंटीने घालून दिले. कॅनिनो मार्गावरील तिचे जुने आश्रयगृह वाढत्या वस्तीला अपुरे पडू लागले, तेव्हा नव्या इमारतीसाठी २ कोटी ४० लाख डॉलरचे कर्जरोखे काढावेत की नाही, हा प्रश्न नोव्हेंबर २०१५ मध्ये मतदारांपुढे ठेवण्यात आला. रस्ते, उद्याने आणि पूरनियंत्रण यांच्या प्रस्तावांबरोबर, पण त्यांच्यात मिसळून न टाकता, प्राण्यांच्या प्रस्तावाला मतपत्रिकेवर स्वतंत्र स्थान देण्यात आले होते. म्हणजे ज्याला रस्ते हवेत पण आश्रयगृह नको, त्याला तसे सांगण्याची पूर्ण मोकळीक होती. हेच मतदार दोन वर्षांपूर्वी ह्यूस्टनचे भूषण मानल्या गेलेल्या ॲस्ट्रोडोम क्रीडागृहाच्या पुनरुज्जीवनासाठी मागितलेले २१ कोटी ७० लाख डॉलर नाकारून मोकळे झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे मुक्या प्राण्यांच्या पदरात त्यांनी टाकलेल्या होकाराचे मोल कळते. नवी इमारत २०२० साली उभी राहिली.

असा होकार आपोआप मिळत नाही. टेक्सासच्या निवडणूक कायद्याने सरकारी पैशातून कोणत्याही प्रस्तावाचा प्रचार करण्यास मनाई केली आहे. कौंटीच्या अंमलदाराने खर्च किती आणि इमारत कशी, एवढी वस्तुस्थिती सांगावी आणि थांबावे. ‘होय’ म्हणा, असे आवाहन करण्याचे काम नागरिकांनाच अंगावर घ्यावे लागते. म्हणून ज्या ज्या कौंटीत नव्या आश्रयगृहाचा विचार निघतो तेथे पशुवैद्य, शिक्षक, निवृत्त गृहस्थ आणि जनावरांना तात्पुरते घरी सांभाळणारी कुटुंबे एकत्र येतात, मंडळाच्या जाहीर बैठकीत नेमून दिलेल्या दोन-तीन मिनिटांत आपले म्हणणे मांडतात, आणि ज्याने कधी कुत्रे पाळले नाही अशा शेजाऱ्यालाही लसीकरण, श्वानदंश आणि रस्त्यावरचे अपघात यांच्याशी या खर्चाचा काय संबंध आहे, ते शांतपणे समजावून देतात.

लोकमत अनुकूल झाले म्हणजे सारे साधले, असेही नाही. फ्लॉरिडातील मायामी-डेड कौंटीत नोव्हेंबर २०१२ मध्ये सुमारे ६५ टक्के मतदारांनी प्राण्यांच्या निर्बीजीकरणासाठी व आश्रयगृहातील हत्या कमी करण्यासाठी मालमत्ताकरात अल्प वाढ सोसण्याची तयारी दर्शविली. परंतु तो कौल केवळ सल्लावजा असल्यामुळे पुढल्या वर्षी मंडळाने ती करवाढ करण्यास नकार दिला. शिवाय कर्जरोख्यांच्या पैशातून भिंती उभ्या राहतात, पगार, औषधे आणि खाद्य यांची तरतूद होत नाही. ती दरसाल अंदाजपत्रकातून करावी लागते. हॅरिस कौंटीतील नवी इमारतही पुन्हा पुन्हा भरून जाते, त्यामुळे दत्तक घेणाऱ्यांची आणि स्वयंसेवकांची गरज यत्किंचितही उणावलेली नाही.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या औदार्यातून १८३४ मध्ये पिंजरापोळ स्थापन झाला, तेव्हा फिलाडेल्फियातील तो प्रयोग भविष्याच्या उदरात होता; भूतदयेचा धडा आपल्याला परक्याकडून घ्यावयाचा नाही. घेण्यासारखी गोष्ट आहे ती एवढीच, की दात्याच्या दानाबरोबर करदात्याची संमतीही मिळवावी आणि ती सार्वजनिक जमाखर्चात लिहून ठेवावी. भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण २०२३ च्या नियमांनी आपल्या स्थानिक संस्थांवर सोपविले आहे. तेव्हा आपल्या नगरपालिकेचे पुढील अंदाजपत्रक मांडले जाईल त्या वेळी वाचकांनी या बाबीखाली किती रक्कम धरली आहे ते अवश्य पाहावे, आणि ती अपुरी असल्यास आपल्या नगरसेवकाला तसे लेखी कळवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.