संघटनात्मक मानसशास्त्र आणि धोरणाची अंमलबजावणी : ग्रामीण महाविद्यालयांच्या संदर्भात

प्रस्तावना :
संस्थेचे धोरण व्यवस्थापनाच्या बैठकीत कागदावर उतरते. ते प्रत्यक्षात उतरते मात्र ते राबविणाऱ्या माणसांच्या रोजच्या कामात. या दोहोंमधील अंतर हा संघटनात्मक मानसशास्त्राचा अभ्यासविषय होय. धोरण फसले की अपुरा निधी व अपुरे मनुष्यबळ ही कारणे पुढे केली जातात. ती खोटी नसतात. परंतु कर्मचाऱ्याला ते उद्दिष्ट आपले वाटते काय आणि त्यातील अडचण मोकळेपणाने सांगणे त्याला सुरक्षित वाटते काय, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

या दृष्टीने अहमदाबादच्या कॅलिको मिलमधील प्रयोग उद्बोधक आहे. तेथे स्वयंचलित माग बसवूनही अपेक्षित उत्पादन मिळत नव्हते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ साली पाहणी केली, तेव्हा २२४ मागांवर २९ कामगार बारा प्रकारची स्वतंत्र कामे करीत होते. एकूण उत्पादनाची जबाबदारी कोणत्याच गटाची नव्हती. पुढे ठरावीक मागांची संपूर्ण जबाबदारी छोट्या गटांकडे देण्यात आली व गटातील सहकारी कामगारांनीच निवडले. उत्पादन वाढले, सदोष कापड घटले. माग तेच होते.

लार्सन अँड टुब्रोचा अनुभव :
महाराष्ट्रातील उदाहरण मुंबईच्या लार्सन अँड टुब्रो कंपनीचे आहे. १९७४ साली कंपनीने आपल्या मूल्यमापन पद्धतीचा अभ्यास अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील प्रा. उदय पारीक व प्रा. टी. व्ही. राव यांच्याकडे सोपविला. त्यांच्या शिफारशींतून कामगिरीचे मूल्यमापन, सुप्त क्षमतेचे मूल्यमापन, प्रत्याभरण व समुपदेशन, वृत्तिविकास आणि प्रशिक्षण या परस्परांशी जोडलेल्या, तरीही वेगळ्या व्यवस्था उभ्या राहिल्या आणि स्वतंत्र मनुष्यबळ विकास विभाग आकारास आला. या वेगळेपणामागील मानसशास्त्रीय तर्क महत्त्वाचा आहे. ज्या प्रपत्रावर वेतनवाढ ठरते, त्यावर कोणीही आपली उणीव प्रामाणिकपणे लिहीत नाही. आणि उणीव कळली नाही, तर धोरण कोठे अडले हेही वरिष्ठांना कळत नाही.

महाविद्यालयीन संदर्भ :
प्राध्यापकवर्गाला हा अनुभव नवा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांक, म्हणजेच एपीआय, लागू केला. संशोधन वाढावे हा हेतू स्तुत्य होता. तथापि स्वमूल्यमापन व पदोन्नती एकाच गुणपत्रकात बांधली गेली. संशोधनाऐवजी गुण हेच उद्दिष्ट बनले. मानसशास्त्रात यास ध्येयविस्थापन म्हणता येईल. (प्रस्तुत प्रकारच्या नियतकालिकांच्या संख्येत त्या काळी झालेल्या वाढीचे एक कारण येथेच शोधावे लागते.) २०१८ च्या विनियमांनी ती पद्धत बदलली, नियतकालिकांसाठी केलेली ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये आयोगाने बंद केली.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने महाविद्यालये संस्थात्मक विकास आराखडे तयार करीत आहेत. त्यात ‘विद्यार्थी उपस्थिती वाढविणे’ हे उद्दिष्ट सहज लिहिता येते. शेवगावसारख्या तालुक्यात त्याचा अर्थ निराळा होतो. येथे पहिल्या सत्राचा उत्तरार्ध कापूस वेचणीच्या दिवसांत येतो, तर तालुक्याच्या पूर्व भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी बाहेर पडतात. कोणत्या गावाची मुले कोणत्या आठवड्यापासून दिसेनाशी होतात, हे वर्गावरील शिक्षकास आणि सवलतीच्या एस. टी. पासचे दाखले देणाऱ्या लिपिकास ठाऊक असते. उद्दिष्ट विशिष्ट व आव्हानात्मक असावे, त्यास बांधिलकी व प्रत्याभरण यांची जोड असावी, असे एडविन लॉक व गॅरी लॅथम यांचा ध्येयनिश्चितीचा सिद्धांत सांगतो. सरसकट टक्केवारीऐवजी ‘स्थलांतरित कुटुंबातील किती विद्यार्थी दुसऱ्या सत्राच्या परीक्षेस बसले’ असे उद्दिष्ट ठेवल्यास ते मोजताही येते आणि शिक्षकास पटतेही.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार महाविद्यालय विकास समितीवर शिक्षक व शिक्षकेतर प्रतिनिधी असतात आणि विकास आराखडा तयार करणे हे या समितीचेच काम आहे. आराखडा मंजुरीपूर्वी विभागाविभागांत वाचला गेला, तर वर्गातील ही माहिती त्यात उतरू शकते. मंजुरीनंतर वाचला गेला, तर तीच माहिती वर्षअखेरीस उद्दिष्ट न गाठल्याच्या खुलाशात लिहावी लागते.