निवृत्तिवेतनाचा भार कोणी आणि केव्हा उचलावा?

महाराष्ट्रातील निवृत्तिवेतनाचा वाद बहुधा ‘जुनी की नवी’ एवढ्याच शब्दांत मांडला जातो. १४ ते २० मार्च २०२३ या काळात राज्यातील शासकीय व निमशासकीय कर्मचाऱ्यांनी केलेल्या संपाची घोषणा ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ हीच होती, आणि त्या सुमारास सुबोधकुमार, के. पी. बक्षी व सुधीरकुमार श्रीवास्तव या तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या समितीकडे राज्य सरकारने सोपवलेले कामही या दोन योजनांच्या तुलनेचेच होते. परंतु योजनेचे नाव कोणतेही असले, तरी पैसा कोण देणार, तो केव्हा देणार आणि अंदाज चुकला तर तोटा कोणाच्या माथी बसणार, हे तीन प्रश्न तिच्या मुळाशी असतातच. कोणती व्यवस्था न्याय्य आहे हे ठरवायचे, तर या तीन प्रश्नांची उत्तरे तपासावी लागतात.

या चर्चेत एक आर्थिक वास्तव सहसा नजरेआड होते. निवृत्त माणसे जे अन्न खातात, जी औषधे घेतात आणि ज्या सेवा वापरतात, त्या सगळ्या त्या काळी काम करणाऱ्या पिढीच्या श्रमातूनच निर्माण होतात; पैसा आधी साठवलेला असो वा नसो, हे बदलत नाही. साठवलेला निधी म्हणजे भावी उत्पादनातील वाट्यावरचा एक हक्क असतो आणि सरकारचे आश्वासन हाही तसाच हक्क असतो. फरक इतकाच, की पहिला हक्क मालमत्तेच्या रूपाने असतो आणि त्याची किंमत बाजार ठरवतो, तर दुसरा कराच्या रूपाने वसूल होतो आणि त्याची किंमत राजकारण ठरवते.

जुन्या व्यवस्थेचे गणित

जुन्या योजनेत कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम, त्यावर वेळोवेळी वाढणारा महागाई भत्ता आणि त्याच्या पश्चात जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. यासाठी कर्मचाऱ्याच्या पगारातून काहीही कापले जात नाही. भविष्य निर्वाह निधीत जमा होणारी रक्कम ही त्याची स्वतःची वेगळी बचत असते. मिळणारी रक्कम आधीच ठरलेली असल्यामुळे अर्थशास्त्रात हिला ‘निश्चित लाभ’ योजना म्हणतात. निवृत्तांची देणी त्या त्या वर्षीच्या महसुलातून भागवली जातात आणि त्यासाठी वेगळा निधी उभारलेला नसतो.

या योजनेच्या समर्थनार्थ केला जाणारा सर्वांत भक्कम युक्तिवाद कायद्याच्या क्षेत्रातून येतो. डी. एस. नकारा खटल्यात १७ डिसेंबर १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने निकाल दिला, आणि निवृत्तिवेतन हे मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेले बक्षीस नसून पूर्वी केलेल्या सेवेपोटी मिळणारा हक्क आहे, असे त्यात स्पष्ट केले. याच कारणाने देशभर १७ डिसेंबर हा निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो. निवृत्तिवेतन म्हणजे लांबणीवर टाकलेला पगार, ही भूमिका तेव्हापासून कर्मचारी संघटनांच्या मागण्यांचा पाया ठरली आहे.

ही भूमिका मान्य केली, तर तिच्यातून निघणारा दुसरा निष्कर्षही मान्य करावा लागतो. निवृत्तिवेतन हा पगाराचाच भाग असेल, तर ज्या वर्षी काम झाले त्या वर्षीच त्याची तरतूद व्हायला हवी होती. प्रत्यक्षात भारतातील सरकारी हिशेब रोख तत्त्वावर ठेवले जातात, म्हणजे पैसा हातातून जातो तेव्हाच खर्चाची नोंद होते आणि चाळीस वर्षांनी द्यावयाच्या रकमेचे आश्वासन आज दिले, तर आजच्या अंदाजपत्रकात त्याचा मागमूस राहत नाही. १९८५ साली नेमलेल्या कर्मचाऱ्याच्या सेवेचा लाभ त्या काळच्या नागरिकांना मिळाला, पण त्याच्या निवृत्तिवेतनाचे पैसे आजचा करदाता भरतो आहे. काम करणाऱ्यांची संख्या निवृत्तांच्या तुलनेत सतत वाढत असेल, तर हा भार जाणवत नाही. ती वाढ थांबली की जाणवू लागतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण ८.६ टक्के आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के होते, तर २०३६ पर्यंत देशातील हे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवर जाईल असा अधिकृत अंदाज आहे.

नव्या योजनेने काय बदलले

एस. ए. दवे यांच्या अध्यक्षतेखालील ‘ओअॅसिस’ समितीने २००० साली वैयक्तिक खात्यांवर आधारित निवृत्तिवेतनाची शिफारस केली, तेव्हा तिच्यासमोर प्रामुख्याने असंघटित कामगार होते. परंतु खात्यांची ही कल्पना सक्तीने लागू झाली ती सरकारी कर्मचाऱ्यांना. सशस्त्र दले वगळता १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या सेवेत आलेल्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू झाली. महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर नियुक्त झालेल्यांसाठी परिभाषित अंशदान योजना आणली आणि पुढे ती राष्ट्रीय योजनेत विलीन केली. या व्यवस्थेत कर्मचारी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम भरतो, सरकारही आपला वाटा भरते (केंद्राने तो २०१९ मध्ये १० वरून १४ टक्के केला), आणि जमलेली रक्कम रोखे व समभागांत गुंतवली जाते. साठाव्या वर्षी सरकारी कर्मचाऱ्याला किमान ४० टक्के रकमेतून वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन त्या बदल्यात तहहयात मिळणारे नियमित उत्पन्न, विकत घ्यावी लागते. येथे भरणा ठरलेला असतो, लाभ ठरलेला नसतो.

पिढ्यांमधील न्यायाच्या दृष्टीने ही व्यवस्था सरळ आहे, कारण ज्या वर्षी सेवा घडते त्याच वर्षी तिचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. परंतु एक अन्याय दूर करताना तिने दुसरा ओढवून घेतला. गुंतवणुकीवर परतावा किती मिळेल, निवृत्तीच्या वर्षी वार्षिकीचा दर काय असेल, महागाई किती वाढेल आणि वार्षिकीबाहेरची रक्कम आपल्या हयातीला पुरेल का, या चारही अनिश्चितता तिने एकट्या कर्मचाऱ्यावर सोपवल्या. एकाच पदावर, एकाच वेतनात, तेवढीच वर्षे काम केलेले दोन कर्मचारी दोन-तीन वर्षांच्या अंतराने निवृत्त झाले, तरी बाजाराच्या स्थितीमुळे त्यांच्या निवृत्तिवेतनात तफावत पडू शकते. शिवाय वार्षिकी साधारणपणे स्थिर रकमेची असते. ती आज पुरेशी वाटली, तरी वीस वर्षांच्या महागाईनंतर पुरेशी राहत नाही. आपले किती आयुष्य उरले आहे याचा अंदाज एकट्या माणसाला बांधता येत नाही, लाखो माणसांच्या समूहाचा मात्र बऱ्यापैकी बांधता येतो आणि विम्याचे सारे शास्त्र याच फरकावर उभे आहे. म्हणून दीर्घायुष्याची जोखीम व्यक्तीवर टाकणे हे अन्यायकारक तर आहेच, पण आर्थिकदृष्ट्याही अकार्यक्षम आहे.

परतीचा मोह आणि मधला मार्ग

२०२२-२३ मध्ये राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश यांनी जुन्या योजनेकडे परतण्याचा निर्णय घेतला, तर पश्चिम बंगालने ती कधी सोडलीच नव्हती. या निर्णयामागील आर्थिक प्रलोभन समजून घेण्यासारखे आहे. नव्या योजनेत राज्याला जुन्या निवृत्तांचे निवृत्तिवेतन आणि नव्या कर्मचाऱ्यांच्या खात्यातील भरणा असा दुहेरी खर्च एकाच वेळी करावा लागतो. जुन्या योजनेकडे परतताच दुसरा खर्च त्याच वर्षी थांबतो. २००४-०५ नंतर सेवेत आलेले बहुसंख्य कर्मचारी मात्र २०३५ च्या आसपास आणि पुढे निवृत्त होणार असल्यामुळे त्यांचे देयक तेव्हाच्या सरकारपुढे येईल. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ मधील एका अभ्यासानुसार सर्व राज्ये जुन्या योजनेकडे परतली, तर त्यांचा एकूण भार नव्या योजनेच्या सुमारे साडेचार पट होईल आणि २०६० पर्यंत अतिरिक्त भार दरवर्षी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.९ टक्क्यापर्यंत वाढेल. घोषणेचे श्रेय आज आणि खर्च पुढच्या पिढीला, असा हा व्यवहार आहे.

टी. व्ही. सोमनाथन समितीच्या अभ्यासानंतर केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी मंजूर केलेली आणि १ एप्रिल २०२५ पासून अमलात आलेली एकीकृत निवृत्तिवेतन योजना ही कोंडी फोडण्याचा प्रयत्न आहे. तिच्यात किमान २५ वर्षे सेवा करणाऱ्याला अखेरच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी आहे, तसेच महागाईशी जोडलेली वाढ, जोडीदाराला ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतन आणि दहा वर्षांच्या सेवेनंतर दरमहा किमान १०,००० रुपये यांचीही तरतूद आहे. यासाठी कर्मचारी १० टक्के आणि सरकार एकूण १८.५ टक्के भरते. सरकारच्या वाट्यापैकी ८.५ टक्के सामायिक निधीत जातात आणि हमी पाळण्यासाठी तो निधी वापरायचा असतो. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने लगेच दुसऱ्या दिवशी ही योजना स्वीकारली. लाभ निश्चित आणि भरणाही आगाऊ, हे तिचे वैशिष्ट्य आहे. सामायिक निधी अपुरा पडला, तर फरक करदात्याच्याच खिशातून जाईल, ही तिची मर्यादा आहे. कर्मचाऱ्यांनीही तिचे स्वागत सावधपणेच केले, आणि पर्याय निवडण्याची ३० जून २०२५ ही मुदत केंद्राला आधी सप्टेंबरअखेर व मग नोव्हेंबरअखेरपर्यंत वाढवावी लागली.

जोखीम वाटून घेण्याचा आणखी एक मार्ग स्वीडनने १९९० च्या दशकात शोधला. तेथे वेतनाच्या १६ टक्के अंशदान आजच्या निवृत्तांना दिले जाते, पण त्याची नोंद भरणाऱ्याच्या नावे खात्यात होते, आणि आणखी २.५ टक्के प्रत्यक्ष गुंतवले जातात. निवृत्तीच्या वेळी खात्यावरील रकमेला त्या पिढीच्या अपेक्षित उर्वरित आयुर्मानाच्या आधारे काढलेल्या अंकाने भागतात. शिवाय देणी मालमत्तेपेक्षा वाढली, तर निवृत्तिवेतनातील वाढ आपोआप आखडते. जागतिक मंदीनंतर २०१० मध्ये हा नियम खरोखरच लागू झाला आणि तेथील निवृत्तांना त्याची झळ सोसावी लागली. काम करणारे व निवृत्त या दोघांनीही वाईट काळाचा वाटा उचलावा, हे तत्त्व तेथे कायद्यातच लिहिलेले आहे.

ज्यांचा हिशेबच मांडला जात नाही

या सर्व चर्चेत सरकारी सेवेबाहेरचा वृद्ध जवळजवळ अदृश्य राहतो. खासगी आस्थापनांतील कामगारांसाठी १९९५ पासून असलेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मालकाच्या वाट्यातून ८.३३ टक्के आणि सरकारकडून १.१६ टक्के रक्कम जमा होते. मात्र २०१४ पासून वेतनाची मर्यादा १५,००० रुपयांवर राहिल्यामुळे सर्वसाधारण सूत्राने ३५ वर्षांच्या सेवेनंतरही दरमहा ७,५०० रुपयेच हाती येतात. २०१४ मध्येच ठरलेले किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये आहे आणि त्यावर महागाई भत्ता नाही. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय योजनेत ६० ते ७९ वर्षे वयाच्या व्यक्तीमागे केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये असून तो दीड दशकाहून अधिक काळ तेवढाच आहे. महाराष्ट्रातील श्रावणबाळ योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात, पण पात्रतेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते.

असंघटित कामगारांसाठी निधी उभारता येत नाही, ही समजूत महाराष्ट्राने फार पूर्वीच खोटी ठरवली आहे. १९६९ च्या माथाडी कायद्यानुसार मालक मजुरीबरोबर ठरावीक टक्के अधिभार माथाडी मंडळाकडे भरतो आणि त्यातून हमालांना भविष्य निर्वाह निधी, उपदान व इतर लाभ मिळतात. म्हणजे रोज वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडे काम करणाऱ्यालाही सामाजिक सुरक्षा देता येते, फक्त तिचा खर्च कामाच्या किमतीत धरावा लागतो. पुण्याच्या हमाल पंचायतीचे बाबा आढाव आणि सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या पेन्शन परिषदेने २०१२ पासून किमान वेतनाच्या निम्म्याइतक्या सार्वत्रिक निवृत्तिवेतनाची मागणी लावून धरली, तीही याच विचाराला धरून होती. साबणापासून चपलेपर्यंत प्रत्येक खरेदीवर अप्रत्यक्ष कर भरणाऱ्या शेतमजुराच्या पैशातून इतरांच्या वार्धक्याची हमी दिली जात असेल, तर त्याच्या स्वतःच्या वार्धक्याला काहीच हमी नसावी, हे कोणत्याही न्यायतत्त्वात बसत नाही.

म्हणून जुन्या-नव्याच्या वादापलीकडे जाऊन निवृत्तिवेतनाच्या वित्तपुरवठ्याला काही कसोट्या लावाव्या लागतील. आश्वासन दिले त्याच वर्षी त्याचा संपूर्ण खर्च मोजून तो विधिमंडळासमोर मांडला गेला पाहिजे. दीर्घायुष्य व महागाई यांची जोखीम व्यक्तीवर न टाकता समूहाने उचलली पाहिजे, पण त्या समूहात केवळ पुढचा करदाता नव्हे, तर आजचे कर्मचारी आणि निवृत्तही असले पाहिजेत. आणि सार्वजनिक पैशातून वाढीव हमी देण्यापूर्वी प्रत्येक वृद्धाला महागाईशी जोडलेले किमान उत्पन्न मिळाले पाहिजे. या कसोट्यांवर जुनी योजना पहिल्यात, राष्ट्रीय योजना दुसऱ्यात आणि आजवरच्या सर्व योजना तिसऱ्यात अनुत्तीर्ण ठरतात. निवृत्तिवेतनाची पुढची घोषणा कोणत्याही पक्षाने केली, तरी तिची किंमत कोण व कोणत्या वर्षी भरणार आणि ती कोणत्या हिशेबात नोंदवली आहे, हे नागरिकांनी विचारलेच पाहिजे.