गस्त आणि चौकी

पायात काटा मोडला, जखम चिघळली की दोन दिवसांत जांघेत गाठ येते. आपण म्हणतो, अवधाण आले. दुखणे पायाचे आणि गाठ जांघेत का, हा प्रश्न लहानपणी पडतो, मोठेपणी आपण तो विसरतो. एचआयव्ही समजून घ्यायचा तर त्या गाठीपासूनच सुरुवात केलेली बरी.

ती गाठ म्हणजे लसिका ग्रंथी. मान, काख, जांघ, पोट अशा ठिकाणी त्या शेकड्यांनी असतात. ही शरीराची पोलीस चौकीच. जखमेजवळच्या पेशी शिरलेल्या जंतूचा तुकडा घेऊन इथे येतात आणि रक्तातून आलेल्या पांढऱ्या पेशी तो तपासतात. ओळख पटली की त्यांची संख्या वाढते, चौकी फुगते. ज्यांना ओळख पटत नाही त्या बाहेर पडून रक्तात, तिथून दुसऱ्या चौकीत. ही गस्त जन्मभर चालते. यांतल्या लिम्फोसाइट पेशींपैकी कोणत्याही क्षणी रक्तात असतात जेमतेम २ टक्के. बाकीच्या ग्रंथींत, प्लीहेत, आतड्यांत.

मी कवी माणूस, बी.ए. झालेला. पण या पेशींना वाट कोण दाखवते हे वाचले आणि थक्क झालो. मुंगी गुळाचा माग काढते ना, तसेच. शरीरातले भाग केमोकाइन नावाची रसायने सोडतात आणि पेशींच्या अंगावर ती हुंगणारी ग्राहके असतात.

नेमका इथेच विषाणूने डाव साधला. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तो सापडला. पेशीवरच्या सीडी-४ या खुणेला तो चिकटतो, हे लवकरच कळले. पण तेवढ्याने दार उघडत नव्हते. दुसरी कडी सापडायला १९९६ उजाडले. ती कडी म्हणजे वाट हुंगणारी ही ग्राहकेच, सीसीआर-५ आणि सीएक्ससीआर-४. ज्यांना आई आणि वडील दोघांकडूनही मोडके सीसीआर-५ मिळाले आहे, त्यांना या विषाणूची लागण सहसा होत नाही. हीच कडी अडवणारे मॅराव्हिरॉक हे औषध २००७ मध्ये आले.

आत शिरल्यावर तो गस्तीच्याच रस्त्याने फिरतो. जंतूचा तुकडा चौकीत नेणाऱ्या पेशी त्यालाही चौकीत पोहोचवतात. आतड्यांत सीसीआर-५ असलेल्या पेशींची दाटी असते. पहिल्या काही आठवड्यांतच तिथे मोठा संहार होतो, रक्ताच्या तपासणीत मात्र त्याचा पुरता अंदाज येत नाही. विषाणूचे नेफ नावाचे प्रथिन पेशीच्या आतला सांगाडा बिघडवते, तिची चाल मंदावते. २०१२ मध्ये मानवी पेशी घातलेल्या उंदरांच्या ग्रंथींत शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकातून हे पाहिले. बाधित पेशी हळू चालत होत्या, काही तर लांबलचक शेपूट ओढत. पण चालत होत्या आणि विषाणू नेत होत्या. सुरुवातीलाच त्यांची ग्रंथीबाहेर पडण्याची वाट बंद केली, तेव्हा संसर्ग शरीरभर फारसा पसरला नाही.

एक ओळखीचा तरुण परवा म्हणाला, "चाचा, रिपोर्टमध्ये विषाणू दिसतच नाही. गोळ्या बंद करू?" मी त्याला हीच चौकीची गोष्ट सांगितली. रिपोर्ट रक्ताचा असतो. ग्रंथींत, आतड्यांत काही पेशी विषाणूचा आराखडा पोटात घेऊन वर्षानुवर्षे गप्प बसलेल्या असतात. गोळी थांबली की बहुतेकांत काही आठवड्यांतच तो पुन्हा डोके वर काढतो. गोळी चालू असून विषाणू दिसेनासा झाला असेल, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही मी त्याला सांगितले. लग्नाची बोलणी चालू होती, त्यामुळे ते त्याने दोनदा विचारून घेतले. गोळ्या चालू आहेत.

आणखी एक नुकसान आहे, ते सावकाश होते. ग्रंथीत धाग्यांची एक जाळी असते. पेशी तिच्यावरून चालतात आणि जगण्यासाठी लागणारे संकेतही तिथेच मिळवतात. सततच्या दाहाने तिथे कोलॅजन साचते, जखमेच्या वणासारखे. मग निरोगी पेशीसुद्धा वाट आणि आधार दोन्ही गमावतात. उपचार सुरू झाल्यावरही हा वण पूर्ण भरून येत नाही.

आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतून या गोळ्या २००४ पासून मोफत मिळू लागल्या. तेव्हा सीडी-४ पेशींची संख्या ठरावीक मर्यादेखाली उतरेपर्यंत थांबत असत. २०१७ पासून संख्या कितीही असो, निदान झाले की उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. त्या आधीच्या थांबण्याच्या काळात ग्रंथींतली जाळी वणाने भरतच असे.